गाळलेली ओळ

वेंग पेइवन मिठागरातून सुटून आमच्या शिवेईला आले तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते, आणि गावात त्यांना ओळखणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. मी ओळखत होते, तेही लांबून. माझ्या लहानपणी ते फूचौच्या धर्मविद्यालयात शिकवायचे आणि उन्हाळ्यात आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेशाला उभे राहायचे; सगळे त्यांना पाळक म्हणत. मग सरकारनं त्यांना पकडून नेलं. चोवीस वर्षं त्यांनी मीठ ओढलं. बायकोनं मधल्या काळात काडीमोड घेतला आणि दुसरं लग्न केलं. ते तिला कधी नावं ठेवत नसत. उलट कोणी विषय काढला तर म्हणायचे, बरं केलं तिनं, दोघांनी कशाला वाळायचं.

सरकारनं घेतलेलं चर्च नुकतंच परत मिळालं होतं. त्यात वीस वर्षं मासेमारीची जाळी ठेवत होते, त्यामुळे हवा दमट झाली की भिंतींना अजून डांबराचा वास यायचा. मागच्या खोलीत वेंग राहायला लागले. मी प्राथमिक शाळेत गाणं शिकवायची आणि रविवारी पेटीऑर्गन वाजवायची. लग्न केलं नव्हतं, घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. म्हणून सरावाच्या निमित्तानं मी दुपारी चर्चमध्येच असायची. अशा रीतीनं मी त्यांची श्रोती झाले. निवड म्हणाल तर त्यांनाही नव्हती.

मिठागरात त्यांच्याजवळ एकही पुस्तक नव्हतं. जे पाठ होतं त्याच्यावरच विचार करायचा. आणि विचार करता करता ते एका ओळीपाशी अडकले. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, अधोलोकात उतरला. ही शेवटची ओळ आमच्या मंडळीच्या जुन्या मतांगीकारात, म्हणजे रविवारी सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीत, नव्हतीच. ज्या परदेशी पाद्र्यांनी आम्हाला तो शिकवला त्यांच्याकडे ती गाळायची रीत होती. वेंगांनी ती तरुणपणी दुसऱ्या मंडळीच्या पुस्तकात पाहिली होती. तिथं अधोलोकासाठी जो चिनी शब्द छापला होता तो कुठल्या पंडितानं घडवलेला नव्हता. तो आमच्या आज्यांच्या तोंडचा होता. सावल्यांचा मुलूख. जिथं आपले पितर जातात, जिथं त्यांना भूक लागते, थंडी वाजते, आणि जिथं पोचावेत म्हणून आपण कागदाचे कपडे जाळतो, तो मुलूख.

ते म्हणायचे, "बाई, ज्या भाषेत आई आपल्यावर रागावली त्या भाषेत देवाचा विचार केला नाही तर तो शेजाऱ्याचाच देव राहतो. आपल्या भाषेत ही ओळ वाचा. तो आपल्या पितरांकडे गेला होता. हे तिकडच्या लोकांना दिसणार नाही. त्यांचे पितर कुठं राहतात हे त्यांनाच माहीत नाही."

मला तेव्हा ते थोडं चमत्कारिक वाटलं. पण ऐकायला बरं वाटलं. माझे आईवडील दुष्काळाच्या वर्षी गेले होते.

पुढच्या वसंतात बाप्तिस्म्यासाठी अकरा जणांचा वर्ग चालू होता. तो शाओ दिंगगुओ घ्यायचे. शाओ मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांत सर्वांत मोठे, सुतारकाम करणारे, बोलायला कडक पण मनानं सरळ. चर्च बंद होतं त्या वर्षांत मंडळीतलं मूल जन्मलं की हा माणूस अंधाऱ्या वाटेनं चालत जाऊन त्याच्यासाठी प्रार्थना करून यायचा. वर्गात फांगमावशी होती. सत्तरीची, कालवं फोडून विकणारी. तिचा नवरा तीस वर्षांपूर्वी वादळात बोटीसकट गेला होता. तिनं शाओंना विचारलं, मी पाणी घेतलं तर मेल्यावर मी कुठं असेन आणि माझा माणूस कुठं असेल. शाओंना खोटं बोलता येत नसे. त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी सांगितलं: ती देवाजवळ असेल, तो नसेल. मावशीनं परत विचारलं, त्याला कोणी सांगायलाच आलं नाही, मग चूक कोणाची. तिनं टोपली उचलली.

"मग मी त्याच्याकडेच जाते," ती म्हणाली. "इतकी वर्षं एकटा आहे तो."

मी ऑर्गनपाशी बसले होते. वेंग दारात उभे होते. त्यांनी तिला थांबवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, चला माझ्याबरोबर, विधवेच्या घरी मी एकट्यानं जाणं बरं दिसणार नाही.

मावशी अंगणात कालवं फोडत होती. आम्हाला बसायला तिनं पायानंच दोन स्टुलं सरकवली.

"मावशी," वेंग म्हणाले, "ख्रिस्त मेल्यावर तिसऱ्या दिवसापर्यंत कुठं होता?"

"थडग्यात. शाओ म्हणाले."

"थडग्यात देह होता. तो स्वतः खाली गेला. आपली माणसं जातात तिथं."

तिचा सुरा थांबला. "सावल्यांच्या मुलखात?"

"तिथंच."

"कशाला?"

"ज्यांच्याकडे कोणी पोचलं नाही त्यांना भेटायला."

मावशीनं हातातला शिंपला बाजूला ठेवला. "माझा माणूस लाजाळू आहे," ती म्हणाली. "अनोळखी कोणी आलं की बोटीच्या पलीकडे जाऊन बसतो."

"मग येणाराच आधी बोलला असेल."

"त्याला बोटीतलं काही कळतं का?"

"त्याचे पहिले सोबती कोळीच होते."

मावशी हसली. मग तिनं बाहीनं डोळे आणि नाक पुसलं आणि आम्हाला वाटीभर कालवं बांधून दिली. परत येताना वेंग एवढे भराभर चालत होते की मला त्यांना गाठता येईना. त्या दिवसाइतकं आनंदात मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, त्यांनी त्या ओळीवर उपदेश केला. आवाज मोठा नव्हता. पण पुढच्या बाकांवरची म्हातारी माणसं रडायला लागली, आणि ते रडणं मागच्या बाकांपर्यंत गेलं. त्या गावात प्रत्येक घरातलं कोणीतरी, ख्रिस्ताचं काही कानावर यायच्या आधीच गेलेलं होतं. पुढच्या रविवारी लोकांनी आपापल्या मेलेल्यांची नावं कागदावर लिहून आणली, चर्चच्या ओसरीवर मांडली आणि त्यांच्यापुढे संत्री ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारी एका घरानं चर्चच्या मागं कागदी कपडे जाळले.

मग मंडळीच्या वडीलधाऱ्यांची बैठक बसली. मी चहा द्यायला होते. चार-पाच जण एकदम बोलत होते. सरकारी कचेरीत कोणीतरी तक्रार केली आहे, खेड्यातले लोक हसताहेत, ख्रिस्ती झालेले परत कागद जाळायला लागले म्हणताहेत. वेंग म्हणाले, जाळायला मी सांगितलेलं नाही, मी एवढंच म्हटलं की तो तिथं गेला होता. शाओ सगळ्यांत शेवटी बोलले. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे, म्हणून ते मान तिरकी करून बसायचे.

"मी अठरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "पितरांच्या नावाच्या पाट्यांपुढे गुडघे टेकायला मी नाही म्हणालो. चुलत्यांनी मला खांबाला बांधून मारलं. हा कान तेव्हा गेला. मला वाईट वाटलं नाही. वाटलं, देवासाठी दिला. आता तुम्ही म्हणता, तो त्यांच्यातही होता." ते थांबले. "मग पाळक, मी कशासाठी मार खाल्ला?"

मी किटली हातात धरून उभी होते. वेंग उठले, त्यांनी शाओंना वाकून नमस्कार केला आणि परत खाली बसले.

ठराव असा झाला की वेंगांनी उपदेशाला उभं राहू नये. तरुणांना अक्षरं शिकवावीत, भजनांचे अर्थ सांगावेत, आणि लिहायचं असेल तर लिहावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सराव करत होते. वेंग आले आणि पहिल्या बाकावर बसले. मी वाजवणं थांबवलं तर म्हणाले, वाजवा, बोलायला सोपं जाईल. आणि त्यांनी मला त्यांच्या वडिलांची हकिकत सांगितली.

त्यांचे वडील शानहौ नावाच्या डोंगरातल्या खेड्यात पितरांच्या पाट्या कोरायचे. पंचक्रोशीतल्या मेलेल्यांची नावं त्या माणसाच्या हातून लाकडावर चढलेली. वेंग बावीस वर्षांचे असताना वडील वारले. थोरला मुलगा म्हणून पुढं होऊन गुडघे टेकणं, कपाळ जमिनीला लावणं हे त्यांचं काम. वेंगांचा नुकताच बाप्तिस्मा झाला होता. ते टोपी हातात घेऊन ताठ उभे राहिले. सगळ्या गावासमोर. आईनं त्या दिवसापासून त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. ते गाव सोडून गेले ते परत गेलेच नाहीत.

"शाओंना उत्तर नाही माझ्याकडे," ते म्हणाले. "असतं तर आधी मलाच दिलं असतं. ती ओळ खरी असेल तर मी उभं राहायची गरज नव्हती. खोटी असेल तर बाबा गेले ते गेलेच. कुठूनही हिशेब करा बाई, मी तिथं उभाच आहे."

मी वाजवत राहिले.

त्यानंतर ते त्या ओळीवर निबंध लिहायला बसले. एक्केचाळीस पानं झाली. छपाईसाठी मेणकागदावर टोचणीनं एकेक अक्षर कोरायचं काम मी केलं, दोन महिने, रोज दुपारी. एखाद्या शब्दावर ते अडायचे. 'उतरला' लिहावं की 'खाली गेला'? 'उतरला' म्हटलं की राजा पालखीतून उतरल्यासारखं वाटतं, ते म्हणायचे, आणि 'खाली गेला' म्हटलं की शेजारणीकडे गेल्यासारखं. शेवटी त्यांनी 'खाली गेला' ठेवलं. आम्ही त्यावरून शाई फिरवून तीस प्रती काढल्या. माझे हात आठवडाभर शाईनं काळे होते आणि वर्गातली मुलं मला हसत होती.

अकरा प्रती त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना टपालानं पाठवल्या. रोज टपालवाला येऊन गेल्यावर ते फाटकापर्यंत जाऊन यायचे. सहा महिन्यांत दोनच पाकिटं आली. एक त्यांचंच होतं, वर शिक्का होता की हा माणूस हयात नाही. दुसऱ्यात चार ओळी होत्या. विषय महत्त्वाचा आहे, पण ही वेळ नव्हे, प्रकृतीची काळजी घ्यावी. बाकीच्यांकडून काही नाही.

"मिठागरात एकटाच विचार करायचो," ते एकदा म्हणाले. "पण वाटायचं, बाहेर कोणीतरी असेल, सांगितलं की ऐकेल. त्यामुळे तिथं इतकं एकटं वाटलं नाही."

मी समोरच बसले होते. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घाईघाईनं चहा ओतला. मला राग आला नाही. मी धर्मशास्त्र वाचलेलं नव्हतं, त्यांच्याशी वाद घालू शकत नव्हते. त्यांना वाद घालणारं कोणी हवं होतं.

फांगमावशीनं शरद ऋतूत बाप्तिस्मा घेतला. पाणी शाओंनीच घातलं. तिला काय समजलं आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. नंतर तिचे गुडघे गेले आणि ती यायची बंद झाली.

तिसऱ्या वर्षी, थडगी झाडायच्या सणाला, वेंगांनी मला शानहौला येता का विचारलं. बसनं दोन तास आणि पुढं चढण. त्यांचा धाकटा भाऊ पेइवू अजून तिथंच राहत होता. आम्ही पोचलो तेव्हा तो अंगणात रताळ्याचे वेल निवडत होता. त्यानं भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही कोण? बायको?"

"चर्चमध्ये वाजवतात त्या."

"बरं." तो परत वेलांकडे वळला. "पंचेचाळीस वर्षांनी वाट सापडली का?"

वेंग म्हणाले, बाबांच्या थडग्यावर घेऊन चल. पेइवू उठला आणि काही न बोलता पुढं चालायला लागला. आम्ही गावाबाहेर आलो, वळण घेतलं, आणि समोर एक तलाव होता. मोठा, हिरवट पाण्याचा, एका बाजूला दगडी बांध.

"ते तिथं," पेइवूनं पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. "पंधरा वर्षं झाली. तलाव बांधला तेव्हा हाडं काढून घ्यायला चार दिवस दिले होते. मला ताप होता. पाट्या त्याच्या आधीच लाल पट्टेवाल्या पोरांनी जाळल्या."

वेंगांनी डोळ्यांवर हाताची सावली धरली.

"तुझा देव खाली उतरला होता म्हणतोस ना? आलंय आमच्या कानावर," पेइवू म्हणाला. "पोहता येत असलं पाहिजे त्याला."

वेंग बांधावर पुढं गेले. टोपी काढून त्यांनी दगडावर ठेवली आणि गुडघे टेकले. तीन वेळा कपाळ दगडाला लावलं. तिसऱ्या वेळेनंतर त्यांना उठता येईना. पेइवू जागचा हलला नाही. मी जाऊन त्यांच्या काखेत हात घातला. अंगात काही वजनच नव्हतं.

"आई मरताना तुझं नाव घेतलं नाही तिनं," पेइवू म्हणाला. "ते ऐकायला आला असशील तर."

"त्यासाठी नाही आलो."

"त्या दिवशी तू उभा राहिलास आणि सगळ्यांनी मला पुढं ढकललं. मी एकोणीस वर्षांचा होतो. थोरल्यानं करायचं ते धाकट्याला कोणी शिकवलेलं नसतं. मी चुकत होतो, आणि चुलते हळूच शिव्या देत होते, आणि तू माझ्या शेजारी टोपी घेऊन उभा. मला वाटलं, निदान हळूच सांगेल, आता उजवीकडे वळ, आता दारू ओत. तुला तर सगळं येत होतं."

वेंगांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. "मला ते दिसलंच नाही," ते म्हणाले.

"कसं दिसेल? तू वर बघत होतास."

पेइवूच्या बायकोनं आम्हाला शेवयांचा रस्सा वाढला, वेगळ्या टेबलावर. पेइवू आमच्याबरोबर जेवला नाही, पण घरातच होता, कोपऱ्यात काहीतरी दुरुस्त करत. निघताना वेंगांनी निरोप घेतला तर तो म्हणाला, शेवटची बस चारला आहे, चढाच्या बाजूनं जाऊ नका, वाट खचली आहे.

परत आल्यावर वेंगांनी एक पान आणखी लिहिलं, बेचाळिसावं, आणि मी ते उरलेल्या प्रतींना जोडलं. त्यात त्यांनी म्हटलं होतं की त्या ओळीवर मी इतकी वर्षं विचार केला तो मेलेल्यांना आशा आहे का एवढं बघायला. ती ओळ जिवंत माणसाला काय करायला सांगते हे मी पाहिलं नाही. तो आपली जागा सोडून खाली गेला. मी माझी जागा धरून उभा राहिलो आणि त्याला विश्वास म्हटलं. मी गुडघे टेकायला हवे होते की नको, हे मला आजही ठरवता येत नाही. पण माझ्या शेजारी एक मुलगा चुकत होता, त्याच्याकडे वळायला कुठल्याच धर्मशास्त्राची आडकाठी नव्हती.

ते पान घेऊन ते शाओंच्या घरी गेले आणि उजव्या कानाच्या बाजूला बसून त्यांनी ते वाचून दाखवलं. शाओंनी मान तिरकी करून सगळं ऐकलं. मग म्हणाले, हे मला समजतं, पण मी विचारलं होतं त्याचं हे उत्तर नाही. वेंग म्हणाले, नाहीच आहे. शाओंनी त्यांना जेवायला थांबवलं. उपदेशाला मात्र पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि वेंगांनी विचारलंही नाही.

दोन वर्षांनी हिवाळ्यात छातीत कफ होऊन वेंग गेले. शेवटचे तीन दिवस मी आणि शाओंची बायको आळीपाळीनं बसलो. एकदा वेंग मला म्हणाले, 'खाली गेला' हेच बरोबर आहे. मी पेइवूला तार केली. दफनाला तो आला नाही. आम्ही वाट पाहून संध्याकाळच्या आधी माती दिली.

चौथ्या दिवशी दुपारी तो चर्चच्या फाटकात उभा दिसला. तार उशिरा मिळाली, मग चुकीच्या बसमध्ये बसलो, असं काहीतरी सांगितलं. मी त्याला थडगं दाखवलं, मग खोली दाखवली. तो खाटेवर बसला आणि इकडंतिकडं बघत राहिला. एक फोटो आहे का विचारलं. नव्हता. टेबलावर निबंधाच्या उरलेल्या प्रती होत्या.

"हे त्यानं लिहिलं?"

"हो."

"बाबांबद्दल आहे?"

"थोडं. शेवटी तुमच्याबद्दलही आहे."

त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि अक्षरं त्याला फारशी येत नव्हती. तो म्हणाला, वाचून दाखवा. मी म्हटलं शेवटचं पान वाचते, तर म्हणाला, नाही, पहिल्यापासून. मग मी वाचायला लागले. बेचाळीस पानं. मधल्या भागात ग्रीक शब्दांची चर्चा होती, तिथं त्याला झोप लागली. मी थांबले की तो डोळे न उघडता हातानं खूण करायचा, चालू द्या. शेवटचं पान मी वाचलं तेव्हा तो जागा होता. खिडकीकडे बघत होता. मला वाटलं, आता काही बोलेल.

"फार लांबण लावतो," तो म्हणाला. "लहानपणापासूनच." मग त्यानं एक प्रत मागितली, चारघडी करून कोटाच्या आत ठेवली, आणि बस गाठायची म्हणून निघाला. मी फाटकापर्यंत गेले. तो वळणापाशी एकदा थांबला, बस कुठल्या बाजूनं येते ते बघितलं, आणि दिसेनासा झाला.